मुगोलेच्या मनगटातली तार

चिंपांझीला माणसाची सवय लावायची म्हणजे आपण काहीच करायचं नसतं, हे लोकांना पटत नाही. गावात मला विचारायचे, "काय रे अराली, दिवसभर जंगलात करतोस तरी काय?" मी म्हणायचो, "बसतो." मग सगळे हसायचे आणि माझ्या बायकोची कीव करायचे. पण काम तेच होतं. त्यांनी पळायचं, आपण माग काढत जायचं आणि लांब बसायचं. हातात काठी घ्यायची नाही, खायला टाकायचं नाही, टक लावून बघायचं नाही. ती पुन्हा पळाली की पुन्हा उठायचं. असं करता करता एक दिवस त्यांना आपला कंटाळा येतो आणि ती पळायची थांबतात. तिथून पुढे शास्त्रज्ञांचं काम सुरू होतं: कोण काय खातं, कोण कुणाच्या अंगातल्या उवा काढतं, कोण कुणाला बडवतं, दर पाव तासाला टिपून ठेवायचं. आमच्या टोळीला आमचा कंटाळा यायला आठ वर्षं लागली.

त्या आठ वर्षांतली निम्मी कमाई अकीकीची, हे मी कुणासमोरही सांगेन. तिचं नाव कोबुसिंगे. पण आम्हा टोरो लोकांत ओळखीच्या माणसाला नावानं हाक मारणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावण्यासारखं आहे. प्रत्येकाला हाकेचं एक वेगळं नाव असतं, एम्पाको. पिढ्यान् पिढ्या ठरलेली दहा-बारा नावं, त्यांतलंच एक तुमच्या वाट्याला येतं. म्हणून मी बालिंडा असून अराली आणि ती अकीकी. आमच्या संशोधन केंद्राचे प्रमुख डॉक्टर न्सेरेको कंपालाकडचे, गांडा जमातीचे. त्यांच्यात ही रीत नाही. आम्ही त्यांना मानानं अपूली असं नाव दिलं होतं, पण त्या नावानं हाक मारली की ते मागे वळून बघायचे, दुसरं कुणी उभं आहे की काय. शेवटी आम्ही नाद सोडला आणि डॉक्टरच म्हणू लागलो.

मुगोले म्हणजे आमच्या बोलीत नवरी. चिंपांझींत मुलगे घरी राहतात आणि मुली वयात आल्या की दुसऱ्या टोळीत जातात. ही नदीपलीकडून एकटीच आली. जुन्या माद्यांनी तिला असा सासुरवास केला की बघवत नसे. उंबरावर चढली की फांदी हलवून खाली पाडायच्या. अकीकी त्याच सुमाराला नवऱ्याचं घर सोडून माहेरी आली होती आणि आमच्या कामावर लागली होती. मी चिडवायचो, "एक नांदायला आली, एक नांदणं सोडून आली." ती म्हणायची, "तिला निदान उंबरं तरी मिळतात रे, मला तीही नव्हती."

सगळ्यांनी हाकललेली मुगोले टोळीच्या कडेला बसायची आणि आम्हीही कडेलाच बसलेलो असायचो. कुणी काही केलं नाही, पण तिला अकीकीचा आधार वाटू लागला. आम्ही अंतर राखायचा नियम पाळायचो, अंतर कमी करायची ती मुगोले. अकीकी मागे सरकायची, तर ती तितकीच पुढे यायची. डॉक्टर रागवायचे. "मी काय करू?" अकीकी म्हणायची, "तुम्ही तिला नियम वाचून दाखवा."

पुढे मुगोलेला पिल्लू झालं आणि टोळीनं तिला आपलं म्हटलं. पिल्लाला नाव नव्हतं. पहिलं वर्ष पार पडेपर्यंत केंद्र नाव देत नाही. फार मरतात.

पिल्लू हिंडतं-फिरतं व्हायच्या आत मुगोले फासात अडकली. सायकलच्या ब्रेकची तार होती. गावातलं कुणीतरी छोट्या हरणासाठी असे फास लावतं, रानडुकरासाठी लावतं, आणि त्यात चिंपांझीचा हात जातो. तिनं खुंटी उपटली, झटापट करून सुटली, पण तार मनगटात राहिली. जितकी ओढावी तितकी ती आत रुतते. लावणारा कोण ते आम्हाला कधी कळलं नाही. कळलं असतं तर तो आमच्याच कुणाचा तरी मेव्हणा किंवा साडू निघाला असता, आणि मी त्याच्याच ब्रेकच्या तारेनं त्याचं बोट बांधून चार दिवस ठेवलं असतं.

हात सुजून केळफुलाएवढा झाला. वास यायला लागला. कंपालाहून जनावरांचा डॉक्टर आला, औषधाची सुई झाडणारी बंदूक घेऊन. मुगोलेला बेशुद्ध करायचं, तार कापायची, एवढंच काम. पण पहिल्याच दिवशी त्याचा नेम चुकला. सुई शेजारच्या खोडात घुसली आणि मुगोले जी उधळली ती टोळी सोडून एकटीच दरीत जाऊन लपली. आता कुठलाही पुरुष दिसला की ती पिल्लू पोटाशी घेऊन पळायची, मी दिसलो तरीसुद्धा. एवढ्या वर्षांचा मी, माझ्या वाऱ्यालाही उभी राहीना. फक्त अकीकी जवळ गेली तर ती जागची हलत नव्हती.

"दोन-तीन दिवसांत तार निघाली नाही तर हात जाईल," जनावरांचा डॉक्टर म्हणाला, "आणि विष अंगात भिनलं तर तीही जाईल. मग पिल्लू कुठलं जगतंय?"

ठरलं असं, की एक दिवस मी लांबून तिच्यावर नजर ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी अकीकीनं पुढे बसून तिला एका जागी धरून ठेवायचं. जनावरांचा डॉक्टर मुगोलेच्या मागून येऊन सुई मारेल. मधला एक दिवस अकीकीनं सुट्टी मागून घेतली होती, कारण तिच्या भावाच्या मुलीचं बारसं होतं.

ते बारसं तिला टाळता येण्यासारखं नव्हतं. हे मला नंतर सगळं तिच्याच तोंडून कळलं, तेव्हा तसंच सांगतो.

आमच्याकडे बारशाला आत्या लागते. सगळे जमले की बाळ आत्याच्या मांडीवर देतात. ती त्याचं तोंड निरखते, नाक बघते, कानाच्या पाळ्या बघते, गालाला गाल लावते, आणि मग सांगते की पोर घरातल्या कुणावर गेलं आहे. त्यावरून हाकेचं नाव ठरतं. मग नाचणीचे उंडे आणि धुरावलेलं मांस सगळ्यांनी एका टोपलीतून खायचं. आत्यानं बाळ मांडीवर घ्यायला नकार दिला, किंवा नुसती का-कू केली, तरी त्याचा अर्थ एकच होतो: हे पोर आमच्या घरचं नाही.

आणि अकीकीचा भाऊ अत्वोकी आदलं वर्षभर कासेसेकडे कामाला होता. बाळाच्या आईबद्दल, आदिरीबद्दल, पाणवठ्यावर बायका बोटांवर महिने मोजत होत्या. बोटं मोजायला बायकांना आणि नाकं खुपसायला पुरुषांना आमच्या गावात कुणी शिकवावं लागत नाही. सगळं गाव त्या दिवशी जेवायला नव्हे, अकीकीचं तोंड बघायला आलं होतं.

बाळाच्या नाकाला शेंबूड होता. ते शिंकलं, तिच्या मांडीवरच. अकीकीला केंद्राचा नियम ठाऊक नव्हता असं नाही. आपल्याला जे साधं पडसं, ते चिंपांझींना काळ होतं. सर्दी झालेल्या माणसाला जो शिवला, त्यानं आठवडाभर जंगलात पाऊल टाकायचं नाही. हे तिनंच नव्या माणसांना शिकवलं होतं. पण समोर आदिरी बसली होती, खाली मान घालून. अकीकीनं पोर उचललं, गालाला गाल लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नाक बघा. आमच्या आईचं नाक घेऊन आली आहे. अबोकी." आईचं हाकेचं नाव अबोकी होतं. बायका टोपलीकडे वळल्या. अत्वोकी रडला म्हणतात.

दुसऱ्या दिवशी उजाडताना ती केंद्रावर आली. डॉक्टर रोज सकाळी फाटकापाशी उभे राहून प्रत्येकाला तेच विचारायचे, एखाद्या पाद्र्यासारखे.

"खोकला? ताप? घरात कुणी आजारी?"

"नाही," अकीकी म्हणाली.

मी पुढेच उभा होतो. मी म्हटलं, "चल बाई, ती अजून त्याच दरीत आहे. रात्रभर कण्हत होती."

तिच्या मनात काय होतं ते मी तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, "अंगात काही नव्हतं रे माझ्या. ठणठणीत होते. आणि शेंबूड कुठल्या पोराला नसतो? मी गेले नसते तर तो हात गेला असता. मला तेवढंच दिसत होतं." मी अनेकदा मनात हा सौदा मांडून बघितला आहे. त्या सकाळी मी तिच्या जागी असतो तरी गेलो असतो.

दरीत ती मुगोलेसमोर जाऊन बसली, तोंडावर मास्क होता, आमच्या सगळ्यांच्याच होता. मुगोले झाडाच्या बुंध्याशी टेकून बसली होती, सुजलेला हात मांडीवर घेऊन. जनावरांचा डॉक्टर मागच्या बाजूनं आला. सुई बरोबर मांडीत बसली. ती ओरडून उठली, चार पावलं गेली आणि हळूहळू कलंडली. आम्ही धावलो.

आईला भूल चढली तरी पिल्लू तिच्या छातीला चिकटून किंचाळत होतं. जनावरांच्या डॉक्टरला हात चालवायला जागा नव्हती. "कुणीतरी ते घ्या!" तो ओरडला. आम्हा पुरुषांच्या हातात ते राहीना, चावलं, बोचकारलं. अकीकीनं हात पुढे केले आणि ते तिच्या गळ्याला मिठी मारून बसलं. गप्प झालं. आईची तार कापायला, जखम धुवायला, मेलेली दोन बोटं काढायला बराच वेळ लागला. तेवढा वेळ ते तिच्या मानेत तोंड खुपसून होतं. त्यानं मास्क ओढून खाली पाडला. तिनं वर केला, त्यानं पुन्हा पाडला. आम्ही सगळे मनगटाकडे बघत होतो.

मनगट वाचलं. मुगोले शुद्धीवर आली, पिल्लू पोटाशी घेतलं, तीन बोटांच्या हाताकडे थोडा वेळ बघत राहिली आणि मग झाडीत गेली. त्या संध्याकाळी डॉक्टर न्सेरेकोंनी आम्हाला स्वतःच्या खर्चानं बिअर पाजली. ते असले खर्च करणारे गृहस्थ नव्हेत. म्हणाले, "अकीकी नसती तर आज आपण एक कवटी घेऊन परत आलो असतो." जनावरांच्या डॉक्टरनं तिच्याशी हात मिळवला. ती लाजली. त्या दिवशी तिच्याइतकं सुखी माणूस मी पाहिलं नाही.

दोन दिवस गेले. मुगोले टोळीत परतली. माद्यांनी तिच्या जखमेवर तोंड लावून ती साफ केली, तिला मधे घेतलं, पिल्लाला एकमेकींकडे दिलं. आम्ही ते आनंदानं टिपून ठेवलं.

तिसऱ्या सकाळी अकीकी आली ती फाटकाबाहेरच थांबली. आत ये म्हटलं तरी येईना. तिथूनच ओरडली, "डॉक्टर, मी आत येत नाही. मला खोकला आलाय."

डॉक्टर बाहेर गेले. "कधीपासून?"

"रात्रीपासून. आणि बारशाला पोराला सर्दी होती. मी त्याला घेतलं होतं. आता त्याच्या छातीत घरघर आहे, दवाखान्यात नेलंय."

"बारसं कधी होतं?"

"तार काढली त्याच्या आदल्या दिवशी."

डॉक्टर फाटकाच्या खांबाला धरून उभे राहिले, मग खालीच बसले, मातीत. त्यांची ती इस्त्रीची पँट. मला वाटतं त्यांना तिथल्या तिथे पुढचं सगळं दिसलं. मला मात्र दिसलं नव्हतं. मी मूर्खासारखा म्हटलं, "अहो, एवढं काय, सर्दी तर आहे."

चार-पाच दिवसांनी मी पहाटे घरट्यांखाली जाऊन बसलो होतो. ती वर पानांच्या गादीवर झोपलेली असतात, जागी झाली की आधी मुततात, मग खाली उतरतात. त्या दिवशी वरून खोकल्याचा आवाज आला. अगदी माणसाचा खोकला. माझा बाप शेवटच्या पावसाळ्यात असाच खोकायचा, पलीकडच्या खोलीत. मग दुसऱ्या झाडावरून एक, मग तिसऱ्या. उजाडलं तरी कुणी खाली उतरेना. मी तिथे बसून रडलो, आणि रडताना मास्क ओला झाला म्हणून आणखी घाबरलो.

टोळीचा म्होरक्या कातुरामू, सगळ्यांना धाकात ठेवणारा, उंबराखाली पालथा सापडला. दोन म्हाताऱ्या माद्या घरट्यातच गेल्या, वरच. त्यांची वटवाघळांसारखी काळी बोटं खाली लोंबत होती आणि आम्हाला वर चढून जाता येत नव्हतं. रोज कुणी ना कुणी कमी व्हायचं. नियम असा, की आपण मध्ये पडायचं नाही. तार माणसानं लावलेली म्हणून ती काढायची मुभा होती. आता सर्दीही माणसानंच दिली होती, पण झाडावरच्या चाळीसेक जनावरांना औषध कोण आणि कसं पाजणार? आम्ही लांबून बघत राहिलो आणि लिहीत राहिलो: खोकला, खोकला, खोकला, मेला.

मुगोले तगली. पिल्लू नाही तगलं. ते मेल्यावरही ती त्याला घेऊन फिरत होती, पाठीवर, कधी त्या तीन बोटांत धरून. माश्या बसल्या की हाकलायची. ते सुकून चामड्याच्या पिशवीसारखं झालं, तरी ती त्याच्या केसांतून बोटं फिरवायची.

अकीकीला केंद्रानं घरी बसवलं. पुढे फाटकाबाहेर बैठक झाली, तिथे लांब बसून तिनं सगळ्यांसमोर सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्या बैठकीत तिचा भाऊ अत्वोकीही आला, न बोलावता. डॉक्टर थकून गेले होते, त्यांचा तोल गेला. "एक आठवडा! एक आठवडा ते बारसं पुढे ढकलता आलं नसतं?"

"ढकललं असतं हो," अत्वोकी म्हणाला, "आणि आठवडाभर गावानं माझ्या बायकोला काय म्हटलं असतं ते तुम्ही येऊन ऐकलं असतंत? का तेही लिहून घेतलं असतंत, दर पाव तासाला?"

"मग निदान इथे तरी खरं सांगायचं होतं तिनं!"

"ती इथे हात वाचवायला आली होती. तुम्हीच बोलावली होती तिला."

"अत्वोकी, गप बस," अकीकी म्हणाली. "डॉक्टर बरोबर बोलतायत."

"तू तर गपच बस, ताई. तुझ्या त्या माकडांच्या सुतकात तू आठ दिवस जेवली नाहीस. माझी पोर दवाखान्यात होती तेव्हा किती वेळा आलीस बघायला?"

"मी खोकत होते ना," ती म्हणाली. "कुणाकडे जाऊ?"

 बाळ सुदैवानं बरं होऊन घरी आलं. तिची आत्या मात्र खोकतच राहिली, आणि तिच्याकडे ना गाव जाई ना जंगल. मी संध्याकाळी कुंपणाबाहेर उभा राहून तिच्याशी बोलायचो. ती एकच विचारायची, "मुगोले कशी आहे?" मी सांगायचो, आहे. पिल्लू घेऊन फिरते आहे. टोळीपासून पुन्हा लांब राहायला लागली आहे, गावाच्या बाजूला सरकते आहे.

"गावाकडे येऊ देऊ नकोस तिला," ती म्हणायची. "अराली, हात जोडते. लोक मारतील."

ते खरं होतं. डोंगरापलीकडच्या एका गावात त्या वर्षी एका नर चिंपांझीनं केळीच्या बागेतून लहान मूल उचलून नेलं होतं. तेव्हापासून आमच्याकडेही बागेत चिंपांझी दिसला की लोक भाले आणि कुत्री घेऊनच निघायचे. मी त्यांना दोष देत नाही. त्यांना सगळे काळे केस सारखेच दिसत होते.

ज्या दिवशी ती आली त्या दिवशी मी तिच्या मागावर होतो, लांब. जंगलाच्या कडेला चर खणलेला आहे, हत्ती शेतात येऊ नयेत म्हणून. मुगोले चरात उतरली आणि पलीकडे चढली. पलीकडे अकीकीच्या माहेरची केळीची बाग. मी ओरडलो, तर ती उलट पुढे पळाली. मी चर ओलांडून जाईपर्यंत ती बागेच्या मधोमध पोचली होती.

अकीकी घेवड्याच्या वाफ्यात खुरपत होती. अंगणात चटईवर अबोकी, भावाची पोर, उन्हात झोपवलेली होती. आदिरी नुकतीच पाणी आणायला गेली होती. मुगोले केळींच्या रांगेतून आली आणि अकीकीपासून हातभर अंतरावर बसली. दरीत बसायची तशीच. मेलेलं पिल्लू पुढ्यात ठेवलं आणि त्याच्या केसांतून बोटं फिरवू लागली.

अकीकीनं आधी तिच्याकडे पाहिलं, मग चटईकडे, मग माझ्याकडे. तेवढ्यात कुत्री भुंकली. अत्वोकी आणि शेजारचे दोघे घराच्या कोपऱ्यावरून आले, हातात भाले.

"ताई, बाजूला हो!"

"थांब! पुढे येऊ नकोस!" अकीकी उठून मधे उभी राहिली. "मी पळवते तिला. मला पळवू दे. अत्वोकी, तुला आईची शपथ आहे."

"पोर आहे तिथे! पटकन पळव नाहीतर मी फेकतो!"

मी पोर उचलायला अंगणाकडे धावलो. मागे अकीकी ओरडत होती, टाळ्या वाजवत होती, "जा! जा! चल जा!" मुगोलेनं वर पाहिलं आणि पुन्हा पिल्लाच्या केसांत लक्ष घातलं. अकीकी तिच्यावर कधीच ओरडली नव्हती, म्हणून ते ओरडणं आपल्यावर आहे हे तिला कळलंच नाही. अकीकीनं ढेकूळ उचलून तिच्या बाजूला मारलं. मुगोले थोडी सरकली. कुत्री पुढे आली, अत्वोकीनं हात मागे नेला.

मग अकीकीनं वाफ्याच्या कडेचा दगड उचलला आणि तिच्या खांद्यावर घातला.

मुगोले किंचाळली. दात दिसले, सगळे केस उभे राहिले. घाबरलेला चिंपांझी ज्याच्यावर विश्वास असतो त्याच्याकडे हात पुढे करतो, तळवा वर करून, जवळ घे म्हणून. हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे आणि लिहिलं आहे. तिनं तसा हात केला, अकीकीकडे, तो तीन बोटांचा हात.

अकीकीनं दुसरा दगड त्या हातावर मारला. मनगटावर. आणि तिसरा तोंडावर. ती मोठ्यानं रडत होती आणि मारत होती. "जा गं! मरशील! जा!" रक्त आलं. मुगोले उलटी फिरली, पिल्लू तिथेच टाकून, केळींतून सुसाट गेली, चर ओलांडून आत. कुत्री तिच्या मागे गेली, पण चराशी थांबली.

मी अबोकीला घेऊन अंगणात उभा होतो.  अत्वोकीनं भाला भिंतीला टेकवला आणि बहिणीच्या जवळ गेला, पण तिनं त्याला हात लावू दिला नाही. ती त्या पिल्लापाशी बसली. माश्या हाकलत बसली. डॉक्टर हातमोजे घालून ते न्यायला आले तेव्हा दुपार कलली होती.

आता तीन महिने झाले आहेत. टोळीत जेवढी उरली तेवढी परवापर्यंत आम्हाला जवळ बसू देत होती. मुगोले देत नाही. ती जिवंत आहे एवढंच मी सांगू शकतो, कारण परवा ती मला ओढ्यापलीकडे दिसली. तिनं मला बघायच्या आधी मी तिला पाहिलं, नाहीतर दिसलीही नसती. तिनं मला बघितलं मात्र, अशी ओरडली की उंबरावरची सगळी टोळी खाली उड्या मारून पळत सुटली. पूर्वी पळायची तशी. डॉक्टर म्हणाले, आता सगळं पहिल्यापासून करावं लागेल, आणि आपल्यापैकी किती जण तोवर असतील कोण जाणे.

मी संध्याकाळी अकीकीकडे गेलो. ती आता खोकत नाही. केंद्रानं तिला परत बोलावलं आहे, ती जात नाही. मी तिला सगळं सांगितलं, जसं घडलं तसं.

"कुणाला पाहून पळाली?" तिनं विचारलं.

"मला. आता कुणालाही पाहून पळते. माणूस दिसला की पुरे."

"चांगलं आहे," ती म्हणाली. "भाल्याच्या टप्प्यात तरी येणार नाही."

ती घेवडा सोलत होती. तिचे हात थांबले.

"आणि मी दिसले तर?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण त्या बाईशी मी आजवर खोटं बोललो नव्हतो.

"तू दिसलीस," मी म्हटलं, "तर सगळ्यांत आधी."